शास्त्रवर्गात मी काय शिकवलं

आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, स्मरणिका निघणार आहे. तिच्यात शास्त्रवर्गाबद्दल दोन पानं मी लिहावीत असं सेक्रेटरींनी सांगितलं. शास्त्रवर्ग म्हणजे शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत भरणारा बायबलचा वर्ग. बीडमध्ये तो मी निम्म्याहून अधिक आयुष्य चालवला. मी दोन पानं लिहिली. वर्ग कसा सुरू झाला, पावसात खोली कशी गळायची, कोण कोण शिकून पुढे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, झालं, सगळं त्यात आलं. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिलं तर त्यात काही खोटं सापडलं नाही, तरी पानं सेक्रेटरींकडे द्यायला हात उचलेना. जे सांगायला हवं होतं ते त्यात नव्हतं. ते इथे लिहितो.

तरुणपणी मी पुण्याकडच्या एका सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, होतो. ग्रीक आणि इब्री, म्हणजे हिब्रू, तिथंच शिकलो. शिक्षण पुरं व्हायच्या आत वडील अंथरुणाला खिळले आणि मी परत आलो. मग शाळेत मराठी शिकवायला लागलो, ते निवृत्त होईपर्यंत. पाळक झालो नाही. पण सेमिनरीतून येताना एक सवय सोबत आली. शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास जगात कुठवर पोचला आहे हे आपल्याला कळत राहिलं पाहिजे, असं मला वाटायचं. माझा एक वर्गमित्र तिथल्याच ग्रंथालयात नोकरीला लागला होता. नवे अंक आले की तो त्यातले लेख झेरॉक्स करायचा, त्यांचा गठ्ठा सुतळीनं बांधायचा आणि अंबाजोगाईच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा.

ती गाडी बीडला येत नाही. जामखेड, पाटोदा करत मांजरसुंब्यावरून सरळ पुढं जाते. म्हणून मी मांजरसुंब्याला जाऊन फाट्यावर उभा राहायचो. गाडी कधी येईल याचा नेम नसे. तिथला पेरू विकणारा मला ओळखू लागला होता.

"काय मास्तर, आज पन तारीख का?" तो म्हणायचा.

माझा काहीतरी कोर्टाचा मामला आहे अशी त्याची पक्की समजूत होती. कंडक्टरनं खिडकीतून गठ्ठा दिला की तो हळहळायचा. "इतके कागद! जमिनीचं हाय का? भाऊबंदकी लई वाईट, मास्तर."

मी हो म्हणायचो. खरं काय ते त्याला कसं सांगणार? बायबल हजारो वर्षं माणसांनी हातानं उतरवलं. उतरवताना शब्द बदलले, ओळी सरकल्या, कुणी समासात लिहिलेलं पुढच्यानं आत घेतलं. त्या जुन्या प्रती समोर ठेवून मूळ काय असेल ते शोधणारे लोक आहेत, आणि ते अजून भांडताहेत. पेरूवाल्याला हे सांगितलं नाही, त्याचं विशेष नाही. हे मी शास्त्रवर्गातही सांगत नव्हतो.

शास्त्रवर्गाला एक छापील पाठमाला होती. माझ्या लहानपणीही तीच होती. बायबलमधलं कुठलं पत्र कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, केव्हा लिहिलं, सगळ्याचं एकेक उत्तर. शनिवारी दुपारी मी ती उत्तरं पाठ करून घ्यायचो आणि घरी येऊन कॉटखालचा गठ्ठा सोडून वाचायचो की त्यातलं अमुक आता कुणी मानत नाही. बोलायला कुणी नव्हतं. मित्राला लिहिलं तर उत्तर येईपर्यंत पुढचा गठ्ठा येऊन पडायचा. वर्ग सोडावा असं अनेकदा मनात आलं. पण वर्ग सोडला तर वाचायचं कशासाठी? वाचणं सोडलं तर वर्गात नुसती पोपटपंची उरली असती. दोन्ही धरून बसलो होतो. हळूहळू माझी तक्रारही बंद झाली.

मग एक मुलगी वर्गात आली. वडवणीकडची. आईवडील ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की निघायचे ते उन्हाळ्यात परतायचे. ही बीडला वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. वर्गात शेवटच्या ओळीत बसायची. एका शनिवारी सगळे गेल्यावर ती बायबल उघडं धरून माझ्यापाशी आली.

"गुरुजी, मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या ओळींना ह्यो कंस कावून हाय?"

माझ्या वर्गातून इतकी माणसं गेली, तो कंस सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेला होता. विचारलं कुणीच नव्हतं. मी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणालो, "सगळ्यात जुन्या प्रतींत त्या ओळी नाहीत."

"मंग कुठनं आल्या?"

"उद्या चर्च सुटल्यावर घरी ये."

ती आली, आणि मग दर रविवारी येऊ लागली. माझी बायको जवळच धान्य निवडत बसायची, आम्ही जमिनीवर कागद पसरायचो. मी कधी कुणाला ग्रीक मुळाक्षरं शिकवीन असं मला वाटलं नव्हतं. ती भराभर शिकली. वाद घालायची. एखाद्या अभ्यासकाचं म्हणणं मला पटलं की ती हमखास दुसऱ्याची बाजू घ्यायची, आणि दुसऱ्या रविवारी स्वतःच ती मोडून काढायची. बायको एकदा जोंधळ्यातले खडे टिपता टिपता म्हणाली, "अहो, हिला सांगता तसं त्या लोकांना सांगा की एकदा. मला बी ऐकताना डुलकी लागायची न्हाई."

आम्ही तिघंही हसलो. मी विषय बदलला.

वर्षभरानं तिनं सांगितलं, "गुरुजी, मला सेमिनरीला जायचंय. पाळक व्हायचंय."

आमच्या मंडळीतून बाई पाळक कधी झालेली नव्हती. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "करिंथकरांच्या पत्रातल्या त्या ओळी माझ्या तोंडावर मारतील. त्यांचं काय करायचं ते सांगा."

त्या ओळी म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातल्या; बायांनी मंडळीत गप्प राहावं, काही विचारायचं तर घरी नवऱ्याला विचारावं, अशा अर्थाच्या. त्यांच्यावरचे लेख मी मुद्दाम मागवले. मांजरसुंब्याला उन्हात उभं राहून तो गठ्ठा मी घेतला आणि महिनाभर आम्ही तोच वाचला. काही प्रतींत त्या ओळी दुसऱ्या जागी आहेत, अध्यायाच्या अगदी शेवटी. त्यावरून काहींचं म्हणणं असं की त्या मुळात पौलाच्या नाहीत, कुणीतरी समासात लिहिल्या आणि नंतरच्यांनी आत घेतल्या. एका फार जुन्या प्रतीत तिथंच समासात दोन ठिपके आहेत. ते शंकेची खूण आहेत असं एका लेखात होतं. तो ठिपक्यांचा पुरावा मला फार आवडला. मी तो तिला रंगवून सांगितला.

पण मी तिला बजावलंही होतं. "कमिटीपुढं ठिपके काढायचे नाहीत. ह्याच पत्रात आधी बाया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, असं आहे. एवढं सांगायचं आणि थांबायचं."

"थांबते," ती म्हणाली.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. सेमिनरीला कुणाला धाडायचं झालं तर पंचकमिटी त्याची तोंडी परीक्षा घेते. परीक्षा संपली की सगळ्यांत मोठे वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ पंच, सभेला विचारतात, "ह्याच्या डोक्यात जे हाय ते कुणाचं?" मग ज्यानं शिकवलं तो उठतो, त्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "माझं." त्याचा अर्थ असा की पुढं हा चुकला तर ती चूक माझ्या पदरात. कुणी उठलं नाही तर मुलाला धाडत नाहीत. मी अनेक मुलांच्या डोक्यावर असा हात ठेवला आहे. त्यातले दोघे तर मला पुरतं ठाऊक होतं की ढ आहेत.

परीक्षा उन्हाळ्यात ठेवली, म्हणजे ऊसतोडीवरून आलेले तिचे वडील येऊ शकतील. ते आले, दाराशीच बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मंडळीचे मोठे वडील निवृत्त जमादार. प्रश्न विचारायची त्यांची पद्धत अजून पोलीस ठाण्यातलीच होती. ती सगळ्यांना नीट उत्तरं देत गेली. मग ते खुर्चीत पुढं सरकले.

"पाळक व्हायचं म्हंतीस. पौल बायांबद्दल काय म्हंतो, ठाव हाय का?"

तिनं मी सांगितलेलं उत्तर दिलं. बाया प्रार्थना करायच्या, संदेश द्यायच्या, ते ह्याच पत्रात आहे. एवढं सांगून ती थांबली.

"आन् फुडं गप ऱ्हावा म्हंतो, ते?"

ती गप्प राहिली.

"बोल की. आदी म्हंतो बोला, मंग म्हंतो गप ऱ्हावा. म्हंजे पौल दोन तोंडांचा हाय व्हय?"

कुणीतरी हसलं. ती माझ्याकडे पाहील असं मला वाटलं. तिनं पाहिलं नाही.

"पौल दोन तोंडांचा न्हाई," ती म्हणाली. "त्या ओळी त्याच्याच हायेत का, ह्याच्यावरच वाद हाय. काई जुन्या प्रतींत त्या दुसऱ्या जागी हायेत. कुणीतरी समासात लिवलेलं आत आलं असंल, असं काई अभ्यासक म्हंत्यात. सगळे म्हणत न्हाईत. त्या ओळी नसलेली प्रत अजून एकबी घावली न्हाई."

शेवटची दोन वाक्यं तिच्याच बाजूला मारक होती, आणि तरी ती तिनं सांगितली. तसं सांगायचं असतं हे तिला मी शिकवलं होतं. ती वाक्यं खोलीत माझ्याखेरीज कुणी ऐकली नाहीत.

"म्हंजे शास्त्रात भेसळ हाय म्हण की!" एक पंच म्हणाले.

"दुधावानी," दुसरे म्हणाले, आणि आता बरेच जण हसले.

जमादार हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "हिच्या डोक्यात जे हाय ते कुणाचं?"

मी दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर होतो. उठायला काहीच अडचण नव्हती. मी का उठलो नाही याची कारणं मी पुढं पुष्कळ गोळा केली. वर्ग बंद केला असता, मंडळी फुटली असती, तिचंच आणखी नुकसान झालं असतं. ही सगळी नंतरची आहेत. त्या वेळी मनात एवढंच आलं की आता हे सगळे आपल्याकडे वळून पाहतील. आयुष्यभर मी या माणसांना सलाम करत आणि त्यांचा सलाम घेत आलो होतो. रविवारी सकाळी चर्चच्या दारात उभं राहिल्यावर 'सलाम गुरुजी' म्हणणारं उद्या कुणी असणार नाही, हे मला दिसलं, आणि मी बसून राहिलो.

"आजकालची पोरं मोबाइलवर कायबी वाचत्यात," सेक्रेटरी म्हणाले. "न्हाई का गुरुजी?"

मी मान हलवली. हो अशी.

ती समोरच्या भिंतीकडे पाहत उभी होती. खोलीत कुणी उठेल म्हणून जमादार थोडे थांबले. मग म्हणाले, "बस, पोरी."

येशूला पकडलं तेव्हा त्याच्याच शिष्यानं, पेत्रानं, आपण त्याला ओळखत नाही म्हटलं, त्याची आठवण मला कुणी करून देईल. ती तुलना मी स्वतःच फार वर्षं मनात बाळगली, आणि आता सोडली आहे. पेत्राच्या जिवाला धोका होता. माझ्या कशालाच नव्हता.

बाहेर लिंबाखाली तिचे वडील मला गाठायला थांबले होते. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या तळहातांना कोयत्याचे घट्टे होते.

"गुरुजी, लेक चुकली का वो?"

तेव्हाही सांगता आलं असतं. पंच अजून आतच होते.

"चुकली नाही," मी म्हणालो, "जरा घाई केली तिनं."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. "घाई तर तिच्या आईची खोड हाय! आमी समजावून सांगतो. मंग फुडल्या साली?"

"बघू," मी म्हणालो.

पुढल्या साली तिचं लग्न झालं. कड्याला दिली. लग्नाला मी गेलो होतो. अक्षता टाकल्या, जेवलो आणि आलो.

यानंतरचं सांगायला मला जास्त जड जातं. काही काळानं माझ्या हाती आणखी एक लेख पडला. त्या दोन ठिपक्यांबद्दलच. त्यात म्हटलं होतं की ते ठिपके मुळी जुने नाहीतच, शेकडो वर्षांनंतर कुणीतरी दुसऱ्याच कारणासाठी घातलेले आहेत. तो वाचताना मला हायसं वाटलं. हे मी पुन्हा लिहितो, हायसं वाटलं. मनात म्हणालो, बघा, पुरावा कच्चाच होता, मी उठलो असतो तर चुकीच्या गोष्टीसाठी उठलो असतो. तिनं कमिटीपुढं ठिपक्यांचा शब्दही काढलेला नव्हता. ती जे बोलली त्यातलं एकही अक्षर त्या लेखानं खोटं ठरत नव्हतं. हे मला पहिल्या पानावरच कळलेलं होतं, तरी तो लेख मी उशाशी ठेवून होतो. त्याला उत्तर देणारा लेख आला तेव्हा तो मी अर्धाच वाचला. ज्ञान मिळवायला म्हणून लावलेली सवय मी अशी लपायला वापरली.

मित्र वारला. मांजरसुंब्याचे फेरे थांबले. आता लेख मोबाइलवर येतात, भिंग लावून वाचतो. वर्ग मी तसाच चालवत राहिलो, त्याच पाठमालेवर. बायको शेवटच्या आजारात एकदा म्हणाली, "त्या पोरीला भेटून या." मी "जातो" म्हणालो.

गेलो तो यंदा, स्मरणिकेची पानं हातून सुटेनात तेव्हा. साखर कारखान्याच्या रस्त्याला तिचं घर आहे. ती अंगणवाडीत नोकरी करते. मी दारात उभा राहिल्यावर तिनं क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "सलाम गुरुजी. उन्हाचं कावून आलात?" पाणी दिलं, चहा टाकला. सासू दळण घेऊन गिरणीवर गेल्यावर मेथीची जुडी घेऊन माझ्यासमोर बसली.

तिथं दर रविवारी तिच्या चुलतसासऱ्यांच्या अंगणात काही घरं जमतात. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी शास्त्र कोण वाचतं, असं मी विचारलं.

"मीच. वाचते आन् बोलते बी."

"कुणी हरकत घेत नाही?"

"आदी माणूस मिळंना म्हणून मला सांगितलं. मंग सवय झाली त्यांना. कुणी विचारलंच न्हाई, मी बी काढलं न्हाई."

मी कशाला आलो ते सांगितलं. स्मरणिकेत खरं लिहिणार आहे, तुला मी शिकवलं आणि मी उठलो नाही, सगळं नावानिशी छापून आणणार आहे. हे मी घरून पाठ करून गेलो होतो. बोलताना माझा आवाज कापला, आणि त्याचं मला थोडं समाधानही वाटलं.

तिनं मेथीची पानं खुडणं थांबवलं नाही.

"तुमी छापणार, तर मला कमिटीनं कावून बसवलं ते बी छापणार."

"तुझी चूक नव्हती, हेच तर छापायचंय."

"चूक कुणाची, ते कोन वाचतंय? शास्त्राच्या ओळी खोट्या म्हणणारी ती हीच, एवढंच वाचत्यात. जमादारांचा जावई हितंच कारखान्यावर हाय. फुडल्या रविवारी मला कोन बोलू देईल, गुरुजी?"

ती जे कमवून बसली होती ते मी माझ्या मनाच्या समाधानासाठी काढून घ्यायला आलो होतो, आणि हे मला इथवर येईपर्यंत दिसलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"तवा उठायचं व्हतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता बसून ऱ्हावा."

मग तिनं मेथी आत नेऊन ठेवली. बाहेर येऊन तिनं विचारलं की डोळ्यांचं ऑपरेशन झालं का, जेवायला कोण करून घालतं. मी उत्तरं दिली. निघताना तिनं फाट्यापर्यंत दिराला सोबत दिलं.

हे लिखाण मी मंडळीत कुणी वाचत नाही अशा ठिकाणी देतो आहे. नावं घातलेली नाहीत. कडा म्हणून लिहिलं ते गाव कडा नाही, आणि जमादार पोलिसात नव्हते. छापायला देण्याआधी फोनवर तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं आणखी एक खूण काढायला लावली, ती काढली आहे. "आता कुणाला कळायचं न्हाई," ती म्हणाली. मी जे सरळ करायला बसलो होतो ते कुणाला कळू नये अशा बेतानंच करता येतं, याच्यापलीकडे मला वाट सापडलेली नाही.

स्मरणिकेची दोन पानं मी जशी होती तशीच नेऊन दिली. सेक्रेटरींनी तिथंच उभ्यानं वाचली.

"लई भारी, गुरुजी. कुठं वादाचं कायबी न्हाई. वर्गाचा एखादा फोटो हाय का?"

फोटो एकच होता, नाताळात चर्चच्या पायऱ्यांवर काढलेला. तो मी पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला आणि एकेकाचं नाव घेत मागच्या रांगेपर्यंत आले. तिथं बोट थांबलं.

"ही कोन वो?"

"होती एक वर्गात," मी म्हणालो.